पातेले, पंचा आणि चार मिनिटे : यंत्रावाचून घरची कॉफी

नोव्हाय, मिशिगन : २२ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण-पूर्व मिशिगनवर गोठणारा पाऊस कोसळला. झाडांवर आणि विजेच्या तारांवर बर्फाचे कवच चढले, फांद्या तारांसकट खाली आल्या आणि लाखो घरांची वीज गेली. काही वस्त्यांत ती परत यायला अनेक दिवस लागले. अशा प्रसंगी घर उबदार कसे ठेवायचे ही चिंता अर्थातच पहिली. पण ज्या घरात रोजची कॉफी कॅप्सूलच्या यंत्रातून किंवा विजेच्या ड्रिप यंत्रातून येते, तेथे आणखी एक लहानसा प्रश्न उभा राहतो. नळाला पाणी आहे, गॅसची शेगडी पेटते आहे, डब्यात कॉफीची पूड आहे. मग आता कॉफी करायची कशी?

हा प्रश्न केवळ वादळापुरता नाही. उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आई-वडिलांना मुलगा-सून कामावर गेल्यानंतर ओट्यावरचे यंत्र हाताळण्याचा धीर होत नाही. नव्या नोकरीसाठी नुकत्याच आलेल्या अभियंत्याच्या भाड्याच्या घरात एक पातेले आणि दोन कप एवढाच संसार असतो. आणि वयाच्या चाळिशीनंतर वार्षिक तपासणीत कोलेस्टेरॉलचा आकडा वाढलेला दिसला, की आपण कोणती कॉफी पितो यापेक्षा ती कशी गाळतो हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. त्याविषयी पुढे सविस्तर येईलच.

प्रारंभी एवढेच सांगायला हवे, की उत्तम कॉफीसाठी लागणारी सर्व साधने मराठी स्वयंपाकघरात आधीपासून असतात. पातेले, झाकण, गाळणी, पळी आणि सुती फडके. अडचण साधनांची नसून सवयीची आहे. आपण कॉफी चहासारखी करतो, आणि तेथेच ती बिघडते.

चवपारखी कोणते यंत्र वापरतात?

कॉफीच्या व्यापारात मालाची प्रत ठरवणारे व्यावसायिक चवपारखी असतात. त्यांच्या परीक्षेवर पोत्यांचा भाव ठरतो. ही परीक्षा घेताना ते कोणतेही यंत्र वापरत नाहीत. स्पेशालिटी कॉफी असोसिएशन या संस्थेने ठरवून दिलेली रीत अशी आहे : वाडग्यात ८.२५ ग्रॅम पूड घ्यायची, तिच्यावर सुमारे ९३ अंश सेल्सिअसचे १५० मिलिलिटर पाणी ओतायचे आणि थांबायचे. तीन ते पाच मिनिटांत वर पुडीचा जाड थर जमतो. तो चमच्याने मोडायचा, तरंगणारा फेस काढून टाकायचा, चोथा तळाशी बसू द्यायचा आणि वरचे निवळ पाणी चमच्याने घेऊन चाखायचे. गाळणीसुद्धा नाही.

यातून लक्षात येते ते असे, की यंत्र कॉफीला चव देत नाही. चव दाण्यात असते आणि ती पाण्यात उतरते. ती किती उतरावी हे चार गोष्टींवर ठरते : पुडीचे पाण्याशी प्रमाण, पुडीचा जाड-बारीकपणा, पाण्याचे तापमान आणि वेळ. यंत्र या चार गोष्टी आपल्यासाठी सांभाळते, म्हणून ते सोयीचे. त्या आपण स्वतः सांभाळल्या, तर पातेले पुरेसे आहे.

चहा उकळावा, कॉफी उकळू नये

भाजलेल्या कॉफीच्या दाण्याचा सुमारे तीस टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. उरलेला निव्वळ काष्ठ असतो. पण हा तीस टक्के भाग संपूर्ण उतरवणे हिताचे नसते. अमेरिकेत १९५० च्या दशकात झालेल्या अभ्यासांतून असे मानक रूढ झाले, की पुडीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के अंश पाण्यात उतरला की पेय सर्वांत समतोल लागते. कारण हे घटक एका क्रमाने उतरतात. आंबटपणा आणि फळांसारखा गंध आधी येतो, गोडवा आणि भाजल्याचा खमंगपणा त्यानंतर, आणि कडवट, तुरट घटक शेवटी. लवकर थांबलो तर कॉफी आंबट आणि पाणचट. फार वेळ ठेवली तर कडू.

आपला चहा मात्र उकळूनच होतो. दाणेदार चहा, दूध, साखर, आले असे सारे एकत्र उकळले, की चहाचा तुरटपणा दुधातील प्रथिनांशी बांधला जातो आणि साखर उरलेले काम करते. चहाला ही रीत मानवते. तीच रीत कॉफीला लावली, की पूड पाच-सात मिनिटे खळखळत राहते, कडू अंश उतरत जातात आणि ज्या सुगंधासाठी कॉफी घ्यायची तो वाफेबरोबर स्वयंपाकघरभर पसरून जातो. घरात दरवळ सुटतो, पण कपात तो उरत नाही.

म्हणून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम : आधण आले की आच बंद करावी, आणि पूड त्यानंतर घालावी.

या नियमाला एक जुना आणि सन्मान्य अपवाद आहे. अरबी, तुर्की आणि येमेनी परंपरेत कॉफी आचेवरच करतात. पण तेथे पूड मैद्यासारखी बारीक असते, फेस वर येताच भांडे आचेवरून उचलतात आणि गाळ तळाशी बसू देतात. नोव्हायपासून अर्ध्या तासावर असलेल्या डिअरबॉर्न शहरात मोठा अरब-अमेरिकन समाज आहे आणि अलीकडच्या वर्षांत तेथील येमेनी कॉफीगृहांचा बराच बोलबाला झाला आहे. वेलची, आले घातलेली तेथील कॉफी चाखताना मराठी माणसाला ती परकी वाटत नाही, आणि त्यात नवल नाही. परंपरेनुसार बाबा बुदन यांनी हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणल्या आणि आजच्या कर्नाटकातील चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. भारतातील कॉफीची कथा सांगितली जाते ती तेथूनच.

प्रमाण आणि दळ

प्रमाण वजनावर ठरवलेले उत्तम. एक लिटर पाण्याला ५५ ते ६० ग्रॅम पूड हे सर्वमान्य प्रमाण आहे. घरी वजनकाटा नसेल तर अमेरिकेतील मोजमापाचा टेबलस्पून वापरावा. एका सपाट टेबलस्पूनमध्ये साधारण पाच ग्रॅम पूड मावते. म्हणजे १८० मिलिलिटर पाण्याला, अर्थात मध्यम आकाराच्या एका कपाला, दोन सपाट टेबलस्पून. अनेकांची कॉफी बेचव होते ती पूड कमी घातल्यामुळे. पूड वाचवण्यासाठी तीच अधिक वेळ उकळत ठेवली, की पेय गडद दिसते. पण तो केवळ कडवटपणा असतो.

दळ कसा हवा हे सांगायला रव्याची उपमा पुरेशी आहे. पातेल्यात मुरवायची असेल तर जाड रव्यासारखी, कापडातून किंवा कागदातून गाळायची असेल तर बारीक रव्यासारखी, थंड पाण्यात रात्रभर ठेवायची असेल तर लापशीच्या रव्याइतकी भरड. अमेरिकन सुपरमार्केटात डब्यातून मिळणारी तयार पूड बहुधा ड्रिप यंत्रासाठी मध्यम दळलेली असते. ती पहिल्या दोन्ही पद्धतींना चालते.

दाणे आणून घरीच दळायचे असतील तर मसाल्याचे ग्राइंडर उपयोगी पडते. ते सलग न फिरवता दोन-तीन सेकंदांच्या झटक्यांनी फिरवावे आणि मधेमधे हलवून घ्यावे. सलग फिरवल्यास पूड तापते आणि अर्धी मैदा, अर्धी भरड अशी होते. आदल्या दिवशी त्यातच गरम मसाला केला असेल, तर आधी मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाकून द्यावेत. जिरे-धण्यांचा वास तांदूळ ओढून घेतात.

पूड किंवा दाणे हवाबंद डब्यात, उजेड आणि उष्णतेपासून दूर ठेवावेत. फ्रिजमध्ये ठेवू नयेत. कॉफी शेजारच्या लसणाचा आणि कोथिंबिरीचा वास पटकन धरते, आणि डबा उघडला की आत दमट हवा शिरते.

पाण्याविषयी थोडेसे

कपातील कॉफीचा ९८ टक्क्यांहून अधिक भाग पाणी असतो, तेव्हा त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. नोव्हायचे पाणी ग्रेट लेक्स वॉटर ऑथॉरिटीकडून येते आणि कॉफीला ते उत्तम चालते. क्लोरिनचा वास जाणवत असेल तर साधा कोळशाचा फिल्टर किंवा रात्रभर उघडे ठेवलेले भांडे पुरते. मात्र पाणी नेहमी नळाच्या गार बाजूचे घ्यावे. गरम नळाचे पाणी टाकीत आणि नळांत अधिक काळ राहते आणि जुन्या जोडण्यांतील शिसे त्यात अधिक उतरू शकते. म्हणून पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी ते वापरू नये, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते.

तापमान ९० ते ९६ अंशांच्या दरम्यान असावे. थर्मामीटरची गरज नाही. नोव्हाय समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेतीनशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे येथे पाणी जवळपास ९९ अंशांवर उकळते. आच बंद करून अर्धा ते एक मिनिट थांबले की ते योग्य तापमानाला येते. डेन्व्हरमध्ये राहणाऱ्या वाचकांना थांबायचे कारण नाही. तेथील उंचीवर, महाबळेश्वरप्रमाणेच, पाणी सुमारे ९५ अंशांवरच उकळते.

पद्धत पहिली : पातेले

तीन कपांसाठी ५४० मिलिलिटर पाणी उकळावे. आच बंद करावी. अर्ध्या मिनिटाने सहा सपाट टेबलस्पून पूड घालून एकदाच हलवावे, म्हणजे सगळी पूड भिजते. झाकण ठेवून चार मिनिटे थांबावे. झाकण काढल्यावर वर पुडीचा थर दिसेल. तो पळीने हलकेच मोडावा आणि वरचा फेस काढून टाकावा. आता वरून दोन-तीन चमचे गार पाणी शिंपडावे. आंघोळीच्या पाण्यात विसण घालतो तसे हे विसणच. त्यामुळे तरंगणारे कण तळाशी जायला मदत होते. आणखी दोन-तीन मिनिटांनी साका बसला, की पातेले न हिंदकळवता पळीने वरची कॉफी कपात घ्यावी किंवा चहाच्या गाळणीतून अलगद ओतावी. तळचा शेवटचा घोट पातेल्यातच राहू द्यावा.

ही कॉफी दाट लागते, कारण दाण्यातील तेलाचे अंश तिच्यात राहतात. उत्तर स्वीडन आणि फिनलंडमध्ये पातेल्यातील कॉफी पिढ्यानपिढ्या पितात. तेथून अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत आलेल्या स्थलांतरितांमध्ये पुडीत अंडे फेटून घालण्याची रीतही रूढ झाली. अंड्यातील प्रथिने बारीक कणांना धरून ठेवतात आणि कॉफी निवळ होते. मिनेसोटातील चर्चच्या समारंभांत ती अजूनही करतात. शाकाहारी घरांनी विसणावरच समाधान मानावे.

पद्धत दुसरी : कापड किंवा कागद

कागदी फिल्टरचा जन्म प्रयोगशाळेत झालेला नाही. १९०८ साली जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ या गृहिणीला कॉफीतील गाळाचा आणि कडवटपणाचा कंटाळा आला. तिने पितळी भांड्याच्या तळाला भोके पाडली, मुलाच्या वहीतील टीपकागद त्यात बसवला आणि त्यावरून कॉफी गाळली. पुढे त्याच वर्षी तिने पेटंट घेतले आणि मेलिटा ही कंपनी उभी राहिली. आज ड्रिप यंत्राच्या पोटात जे घडते, ते मुळात एका स्वयंपाकघरातले जुगाड होते. ते आपल्या स्वयंपाकघरात परत आणणे अवघड नाही.

कापड वापरायचे असेल तर घट्ट विणीचा स्वच्छ सुती पंचा किंवा जुन्या धोतराचा तुकडा घ्यावा. अमेरिकेतील कपडे धुण्याच्या पद्धतीमुळे येथे एक सावधगिरी आवश्यक आहे : सुगंधी साबण, फॅब्रिक सॉफ्टनर किंवा ड्रायर शीट लागलेले कापड वापरू नये. तो वास कॉफीत हमखास उतरतो. नवे कापड दोनदा साध्या पाण्यात उकळून घ्यावे आणि कॉफीसाठी वेगळे ठेवावे. उंच भांड्याच्या तोंडावर ते खोलगट बसवून कडेला कपड्यांचे चिमटे लावावेत. पूड त्यात घालून आधी फक्त ती भिजेल एवढेच गरम पाणी ओतावे. ताजी भाजलेली पूड फुगते, बुडबुडे येतात. दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. अर्ध्या मिनिटाने उरलेले पाणी तीन-चार वेळा थोडे थोडे, मधोमध गोल ओतावे. एकूण तीन ते चार मिनिटांत कॉफी खाली उतरावी. फार वेळ लागला तर दळ बारीक, भर्रकन गेली तर दळ भरड, एवढे ओळखता आले की पुढच्या वेळी दुरुस्ती करता येते. वापर झाला की कापड साबणाशिवाय गरम पाण्यात धुऊन लगेच वाळवावे. ओलसर ठेवल्यास तेलाचा खवट वास येतो.

कागद वापरायचा असेल तर तळ सपाट असलेले, झालरीचे फिल्टर कोणत्याही अमेरिकन किराणा दुकानात काही डॉलरमध्ये शेकड्याने मिळतात. ते पीठ किंवा सूप गाळण्याच्या स्टीलच्या गाळणीत अगदी नीट बसतात. गाळणी पातेल्यावर ठेवावी, कागद गरम पाण्याने एकदा भिजवून ते पाणी ओतून द्यावे, म्हणजे कागदाची चव जाते, आणि मग वरीलप्रमाणेच करावे. सर्वांत सोपा मार्ग मात्र दोन्ही पद्धतींचा मेळ : पातेल्यात चार मिनिटे मुरवायची आणि या कागदातून गाळायची. ओतण्याचे कौशल्य लागत नाही आणि कॉफी स्वच्छ मिळते.

दोन्ही पद्धतींत उरलेला चोथा सिंकमध्ये टाकू नये. तो नळीत साचून घट्ट बसतो. कचऱ्यात टाकावा, किंवा अंगणात खतात मिसळावा.

कागद का महत्त्वाचा?

येथे चवीचा प्रश्न संपून प्रकृतीचा सुरू होतो. कॉफीच्या दाण्यात कॅफेस्टॉल आणि काहविऑल नावाचे तेलात विरघळणारे दोन घटक असतात. ते रक्तातील एलडीएल, म्हणजे घातक समजले जाणारे कोलेस्टेरॉल वाढवतात. उकळलेल्या किंवा न गाळलेल्या कॉफीत ते भरपूर असतात. धातूची जाळी त्यांना अडवत नाही. कागद मात्र जवळपास सर्वच अडवतो. घट्ट विणीचे कापडही बरेच अडवते, पण प्रत्येक पंचाची वीण वेगळी असल्याने त्यावर कागदाइतका भरवसा ठेवता येत नाही.

नॉर्वेत पाच लाखांहून अधिक स्त्री-पुरुषांच्या सरासरी वीस वर्षांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. गाळलेली कॉफी पिणाऱ्यांचे मृत्युप्रमाण कॉफी न पिणाऱ्यांपेक्षाही कमी आढळले. उलट साठीच्या पुढील पुरुषांत न गाळलेल्या कॉफीचा संबंध हृदयविकाराने होणाऱ्या वाढीव मृत्यूंशी दिसला. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे कॉफीनेच आयुष्य वाढते असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. पण गाळण्यामुळे फरक पडतो, ही बाब रासायनिक कारणमीमांसेशी जुळते.

आपल्या वाचकांनी हे अधिक गांभीर्याने घेण्याचे कारण आहे. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हाच हृदयविकाराचा धोका वाढवणारा एक घटक म्हणून नोंदवला आहे. तेव्हा महिन्यातून एकदा पाहुण्यांसाठी पातेल्यातील दाट कॉफी केली तर चिंतेचे कारण नाही. पण रोज तीन-चार कप कोरी कॉफी पिणाऱ्याने, विशेषतः कोलेस्टेरॉलचा आकडा वाढलेला असेल तर, ती कागदातून गाळून घ्यावी. औषधे चालू असतील तर डॉक्टरांचा सल्ला अर्थातच घ्यावा. झटपट विरघळणाऱ्या इन्स्टंट कॉफीत हे घटक फारच थोडे असतात, हेही येथे नोंदवायला हवे.

कॅफिनचा हिशेब वेगळा. तो गाळल्याने कमी होत नाही. निरोगी प्रौढ व्यक्तीला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सहसा अपायकारक नसते, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे मत आहे. ते साधारण चार कप कॉफीत येते. गर्भवती स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली जाते.

दुधाची, जायफळाची कॉफी

मराठी घरातील कॉफी बहुधा दुधाची असते आणि तिच्यात जायफळ असते. दक्षिणेतील फिल्टर कॉफीसारखा तिचा गाजावाजा झाला नाही, पण ती आपली स्वतंत्र चव आहे. कोकणातील नारळी-पोफळीच्या बागांत जायफळाची झाडे असतात, आणि श्रीखंड, बासुंदीत पडणारे जायफळ कॉफीत आले हे स्वाभाविकच झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत पेस्तनजी एडलजी दलाल यांनी कॉफीचा व्यवसाय सुरू केला. त्यांचे पोल्सन हे नाव पुढे लोण्यासाठी गाजले, पण सुरुवात चिकोरी मिसळलेल्या कॉफीची होती. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले. घरी मात्र कॉफी राहिली ती दुधात उकळलेलीच.

तिची चव राखून तिचा कडवटपणा टाळता येतो. त्यासाठी अर्क वेगळा करावा आणि दूध वेगळे. दोन कपांसाठी चार सपाट टेबलस्पून बारीक पूड एका स्टीलच्या पेल्यात घ्यावी, तिच्यावर १५० मिलिलिटर कढत पाणी ओतावे, हलवावे आणि झाकण ठेवून दहा मिनिटे मुरू द्यावे. नंतर घट्ट कापडातून पिळून गाळावे. हा झाला अर्क. दक्षिणेतील स्टीलचा फिल्टर नसताना याहून सोपा पर्याय नाही. तोवर दुसऱ्या भांड्यात ३०० मिलिलिटर दूध साखर घालून तापवावे. उकळी फुटताच आच बंद करावी, जायफळ सहाणेवर किंवा बारीक किसणीवर दोन-तीन वेळा फिरवून दुधात घालावे, हवी असल्यास चिमूटभर वेलची, आणि मग अर्क मिसळावा. अर्क दुधात पडल्यावर पुन्हा उकळू नये. जायफळ चिमटीपुरतेच असावे. ते अति झाले तर गुंगी आणि मळमळ होते.

येथील भारतीय किराणा दुकानांत मिळणाऱ्या अनेक पुड्यांत चिकोरी असते. भारतीय नियमांनुसार अशा मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते आणि तिचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. चिकोरीमुळे रंग गडद येतो आणि अर्काला दाटपणा येतो, पण तिच्यात कॅफिन नसते. दुधाच्या कॉफीला ती शोभते. कोऱ्या कॉफीसाठी निव्वळ कॉफीची पूड घ्यावी.

पद्धत तिसरी : रात्रभर थंड पाण्यात

या पद्धतीला आचही लागत नाही. लोणच्याची किंवा मुरांब्याची स्वच्छ, वास नसलेली काचेची बरणी घ्यावी. १०० ग्रॅम भरड पुडीला ८०० मिलिलिटर गार पाणी, एकदा हलवून झाकण लावावे आणि फ्रिजमध्ये बारा ते सोळा तास ठेवावे. सकाळी आधी गाळणीतून आणि मग कागदातून किंवा पंचातून गाळावे. थंड पाण्यात कडू आणि आंबट अंश कमी उतरतात, म्हणून ही कॉफी सौम्य लागते. मात्र हा अर्क तीव्र असतो. त्यात तेवढेच पाणी किंवा दूध घालूनच प्यावा. फ्रिजमध्ये तो चार-पाच दिवस चांगला राहतो. उन्हाळ्यात बर्फावर, हिवाळ्यात कपात गरम पाणी मिसळून, दोन्ही प्रकारे चालतो.

वीज नसताना

अनेक गॅसच्या शेगड्यांची ठिणगी विजेवर चालते, पण वीज नसली तरी वरच्या बर्नरपैकी बहुतेक काडीने पेटवता येतात. आधी काडी पेटवून बर्नरजवळ धरावी आणि मग बटण हळूच फिरवावे. उलट क्रमाने करू नये. काही शेगड्यांत सुरक्षा-झडप असते आणि विजेशिवाय गॅस सुटतच नाही, म्हणून आपल्या शेगडीची माहितीपुस्तिका वादळाआधीच पाहून ठेवावी. पंखा बंद असल्याने खिडकी किंचित उघडी ठेवावी, पाणी उकळताच गॅस बंद करावा आणि शेगडीवर घर तापवण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

कोळशाची शेगडी, बार्बेक्यू किंवा तंबूत वापरायचा स्टोव्ह घरात, तळघरात किंवा गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवूनही, पेटवू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि वीज गेल्याच्या दिवसांत तो माणसांचे बळी घेतो. ज्यांच्याकडे इंडक्शन किंवा विजेची शेगडी आहे त्यांनी वादळाचा इशारा मिळताच थर्मासभर गरम पाणी भरून ठेवावे आणि बरणीत थंड पाण्याची कॉफी भिजत घालावी. वीज गेली तरी दुसऱ्या दिवशीची कॉफी तयार असेल.

चव बिघडली तर

आंबट आणि पाणचट लागली : वेळ वाढवावा, दळ थोडा बारीक करावा किंवा पाणी अधिक गरम घ्यावे. कडू आणि तुरट लागली : वेळ कमी करावा, दळ भरड करावा, आणि पूड आचेवर राहिली होती का ते आठवावे. चव बरी पण सौम्य वाटली : पूड वाढवावी, वेळ वाढवू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कशाने फरक पडला ते कळते. जर्मन, जपानी आणि अमेरिकन मोटारउद्योगात काम करणाऱ्या येथील अभियंत्यांना ही शिस्त नव्याने सांगायला नको.

यंत्र टाकून द्यावे असे कोणी म्हणत नाही. सकाळी सातच्या धांदलीत बटण दाबण्याची सोय मोलाची आहेच. पण कॅप्सूलच्या यंत्राचे एक निर्माते जॉन सिल्व्हन यांनी २०१५ साली दिलेल्या मुलाखतीत कबूल केले होते, की त्यांच्या स्वतःच्या घरी ते यंत्र नाही. ते वापरणे महाग पडते आणि साधी गाळलेली कॉफी करणे काही अवघड नाही, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्र घडवणाऱ्यालाच हे वाटत असेल, तर येत्या शनिवारी पातेल्यात आधण ठेवून पाहायला हरकत नाही. आई-वडील येथे आले असतील, तर जायफळ किती किसायचे ते त्यांनाच विचारावे.